कोकणात सहकुटुंब जाताना काय घालावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर ठाण्याचं. वर्षातून दोनदा तरी आम्ही सहाजण गावाला जातो: सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. फोटो बघितले की नात्यातल्या, सोसायटीतल्या बायका हमखास विचारतात, "एवढ्या घामाच्या हवेत तुम्ही सगळे इतके टवटवीत कसे दिसता?" फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते. मुळात गोष्ट एवढीच आहे की कोकणाची हवा, माती आणि पाणी यांना जे सोसतं तेच आम्ही बॅगेत भरतो. कपडा अंगाला टोचत नसला, चिकटत नसला की माणूस आपोआप देखणा दिसतो.

कोकणात नेमका कुठला कपडा चालतो?

सुती. पण सुती म्हणून दुकानात जे जे मिळतं ते सगळं एका गुणाचं नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुण्या-नाशिकच्या मंडळींना कोकणातला उकाडा पहिल्या दिवशी कळत नाही. तिकडे ३८ अंशांतही घाम अंगावरच सुकतो. मालवणात पारा ३३ वर असला तरी हवेत बाष्प इतकं असतं की घाम सुकायचं नाव घेत नाही. त्यामुळे इथल्या कपड्याची परीक्षा दोन गोष्टींत होते: घाम टिपतो का, आणि धुतल्यावर लवकर वाळतो का.

मलमल दोन्हींत पहिली. पातळ, सैल विणीची, अंगाला लागत नाही आणि पंख्याखाली रात्रीत खडखडीत वाळते. लिननही उत्तम, फक्त ते चुरगळतं आणि त्या चुण्यांसकट छान दिसतं हे मान्य करून घालायचं. जाड खादी डिसेंबर-जानेवारीत सुंदर वाटते, एरवी वाळायला दीड दिवस घेते. रेयॉनचे कुर्ते हल्ली सगळीकडे दिसतात, हाताला मऊ लागतात, स्वस्तही असतात. पण रेयॉन ओलं झालं की जड होतं, लांबतं आणि कमकुवत पडतं. समुद्रावर एकदा भिजला की गुडघ्यापर्यंतचा कुर्ता पोटरीवर लोंबायला लागतो. पॉलिएस्टर चटकन वाळतं हे खरं, पण घाम आत कोंडतो आणि काखेत, पाठीवर पुरळ उठतं. लहान मुलांना तर अजिबात घालू नका.

माझी घरगुती चाचणी सांगते. नवा कुर्ता घेतला की रात्री धुऊन तो बंद न्हाणीघरात टांगायचा, पंखा नाही, खिडकी नाही. सकाळी सातला हात लावून बघायचा. शिवणी आणि खिसे कोरडे असले तर तो कुर्ता कोकणात येणार, नाहीतर ठाण्यातच राहणार.

जीन्स न्यायची का?

गाडीत घालून जा आणि पोचल्यावर बॅगेत ठेवून द्या. घामाने मांड्यांना घासते, वाळायला दोन दिवस घेते आणि जीन्स घालून समुद्रात उतरणं धोक्याचं असतं. ओल्या जीन्सचं वजन पाय ओढतं.

चार दिवसांसाठी माणशी किती कपडे पुरतात?

मोठ्यांना तीन वरचे, दोन खालचे, एक रात्रीचा जोड आणि एक पाण्यातला जोड. यापेक्षा जास्त नेलेले कपडे घडी न मोडता परत येतात, हे मी दहा वर्षं बघते आहे. मुलांचं गणित वेगळं: त्यांना दिवसाला दोन जोड धरायचे, कारण दुपारपर्यंत पहिला जोड वाळू, सरबत आणि मातीने माखलेला असतो.

वरचे तिन्ही कपडे खालच्या दोन्हींवर जातील असे निवडले की सहा जोड तयार होतात. माझं ठरलेलं आहे: एक पांढरी आणि एक निळी सुती पॅन्ट, वर मोहरी रंगाचा, फिकट गुलाबी आणि बारीक बुट्ट्यांचा पांढरा असे तीन कुर्ते, शिवाय एक मोठी सुती ओढणी. ही ओढणी गाडीत पांघरायला होते, देवळात डोक्यावर येते, झोपलेल्या मुलाखाली अंथरली जाते, होडीत कानाला बांधता येते. नवी घ्यायची तर निदान अडीच मीटरची घ्या.

आणि टर्किश टॉवेल घरी ठेवा. दमट हवेत ते वाळतच नाहीत, दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतात. आमच्याकडे माणशी दोन पंचे असतात. आजोबा-पणजोबांच्या खांद्यावर असायचे तेच, पातळ, लाल किंवा हिरव्या काठाचे. पिळून दांडीवर टाकला की जेवण होईस्तो वाळतो, चार पंचे एका टॉवेलाच्या जागेत मावतात.

बॅग कापडी, खांद्याला लावायची. चाकांची बॅग स्टेशनावर बरी, पण ज्या घरात आपण उतरणार असतो तिथे पाणंद असते, पायऱ्या असतात, शेणाने सारवलेलं अंगण असतं. चाकं तिथे उपयोगी पडत नाहीत.

कोणते रंग घ्यावेत? फोटोत सगळे एकसारखे दिसायला हवेत का?

एकसारखे नकोत. सहा जणांनी एकाच ठाणातले कपडे घातले की माणसं दिसत नाहीत, कापड दिसतं. मी आदल्या आठवड्यात तीन रंग ठरवते आणि प्रत्येकाला त्यातला आवडेल तो घ्यायला सांगते. मागच्या शिमग्याला पांढरा, निळीचा निळा आणि हळदी असे ठरले होते. सासऱ्यांनी पांढरा सदरा घातला, लेकीने निळा फ्रॉक, सासूबाईंनी हळदी काठाची पांढरी साडी. कोणाला काही सक्ती नाही, तरी सगळे एका घरचे वाटत होते.

रंग निवडताना कोकणाची पार्श्वभूमी लक्षात ठेवावी. जांभ्या दगडाच्या भिंती विटकरी-तांबड्या असतात, कौलं तांबडी, माड-पोफळी गडद हिरव्या. या सगळ्यापुढे पांढरा, मोहरी, निळा, फिकट गुलाबी उठून दिसतात. लाल कुर्ता जांभ्याच्या भिंतीपुढे हरवतो, हिरवा माडांत. काळा रंग उन्हात तापतो, आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग लगेच दिसतात.

हे झालं फोटोंचं. मातीचं वेगळं आहे. इथली माती लाल आहे ती तिच्यातल्या लोहामुळे, आणि ती कपड्यावर बसली की सहज निघत नाही. म्हणून मातीत फिरायचं असेल त्या दिवशी पांढरा रंग कमरेच्या वर ठेवावा आणि मुलांच्या चड्ड्या मातकट, तपकिरी किंवा गडद निळ्या घ्याव्यात.

फोटोंबद्दल आणखी एक. आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात तर सगळ्यांचे चेहरे काळे येतात. मावळतीच्या अर्धा तास आधी समुद्राकडे तोंड करून उभे राहा, फोटो काढणाऱ्याने पाण्याकडे पाठ करावी. त्या उजेडात सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा सोन्यासारख्या दिसतात.

सासूबाई साडीच नेसतात. होडी, फेरीबोट, किल्ला हे सगळं साडीत कसं जमणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मी नेहमी सांगते, एकदा हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळी लिलावाला जाऊन या. कोळणी गुडघ्यापर्यंत घट्ट काष्टा घातलेल्या लुगड्यात ओल्या वाळूत उभ्या असतात. डोक्यावर टोपली, दंडाला घट्ट बसलेला चोळीचा काठ, गळ्यात सोनं, अंबाड्यात फुलं. होडीपर्यंत पाण्यातून जातात, येतात, भाव करतात, आणि लुगड्याची एक निरी हलत नाही. वाऱ्या-पाण्यात काम करत असतानाही इतकं ठसठशीत दिसता येतं, हे मला त्यांच्याकडे बघूनच उमगलं. साडी अडचणीची नाही, पायात येणारा घोळ अडचणीचा आहे.

म्हणून सहावारी नेसणाऱ्यांनी प्रवासात साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसावी. निऱ्यांना आतून एक मोठी पिन, खांद्यावर एक, आणि पदर पुढून आणून कमरेला खोचलेला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर खाडीचा वारा असतो, मोकळा पदर थेट तोंडावर येतो. परकर सुती आणि कमी घेराचा. साडीत कडक, खळ दिलेली कॉटन नको. दमट हवेत खळ मऊ पडते आणि साडी मरगळते. मऊ धुतलेली, दोन-तीन वर्षं वापरातली साडी सगळ्यात चांगली. माझ्या सासूबाईंच्या दोन जुन्या इरकल साड्या दरवर्षी कोकण बघतात.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं तर मालवण धक्क्यावरून होडी असते. चढता-उतरताना होडी हलते, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे साडीवाल्या बाईंनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पर्स दुसऱ्याकडे द्यावी, आणि घरातल्या कोणीतरी आधी उतरून हात द्यावा. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी उभा केलेला हा किल्ला आत गेल्यावर चांगलाच ऐसपैस आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघत फिरायचं तर दीड-दोन तास जातात. ऊन कडक असतं. सासूबाई तिथे पदराखाली ओला पंचा डोक्यावर घेतात.

समुद्रात उतरताना बायका-मुलींनी काय घालावं?

सलवार-कमीज किंवा साडी घालून पाण्यात जाणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ दिसतात. पण पातळ सुती कपडा भिजला की अंगाला चिकटतो, पारदर्शक होतो आणि बाहेर येताना संकोच वाटतो. त्यापेक्षा गडद रंगाची नायलॉन-लायक्राची पूर्ण लांबीची टाइट्स आणि वर त्याच कापडाचा, मांडीपर्यंत येणारा पूर्ण बाह्यांचा टॉप घ्यावा. ऊन लागत नाही, वाळू आत जात नाही, बाहेर आलं की पाच मिनिटांत निथळतो. मी आणि लेक दोघी हेच घालतो, गेल्या वर्षापासून माझी मोठी जाऊही. किनाऱ्यावर एक जुनी मलमलची साडी अर्धी फाडून ठेवावी. पाण्यातून आल्यावर ती कमरेला गुंडाळून घरापर्यंत चालत जाता येतं.

ओढणी, सैल पदर, लांब माळ हे पाण्यात नकोच. पावसाळ्यात तर समुद्रात पायच घालू नये, आणि एरवीही आधी घरमालकांना भरती-ओहोटीची वेळ विचारावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सुरक्षित होती ती वेळ आज असेलच असं नाही.

मुलांचं काय?

पूर्ण बाह्यांचा पाण्यातला टी-शर्ट, हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी, आणि हातातल्या पिशवीत कायम एक कोरडा जोड. अंगाला चिकटलेली ओली वाळू पुसू नका, कातडी सोलवटते. पाय वाळू द्या, वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि हात फिरवा, वाळू झडून जाते. दिवेलागणीला डास येतात, तेव्हा सुती पायजमा आणि लांब बाह्या.

आणि मुलांना कपडे स्वतः निवडू द्या. माझ्या मुलाने पिवळ्या चड्डीवर जांभळा शर्ट घालायचा हट्ट धरला तर मी घालू देते. त्या फोटोत तो जेवढा खूश दिसतो तेवढा मी निवडलेल्या कपड्यांत कधी दिसला नाही.

पुरुषांसाठी काही सुचवाल?

लिननचे किंवा मलमलचे दोन अर्ध्या बाह्यांचे शर्ट, एक सैल सुती पॅन्ट, एक गुडघ्याखाली येणारी अर्धी चड्डी. वयस्कर पुरुषांसाठी लेंगा-सदऱ्याहून चांगला पोशाख मला अजून सापडलेला नाही. माझे सासरे सकाळी अंघोळ करून शुभ्र लेंगा-सदऱ्यात पडवीवर पेपर वाचत बसतात, तेव्हा ते त्या घराचेच वाटतात. शर्ट इस्त्री करून नेऊ नका, गुंडाळी करून न्या आणि रात्री न्हाणीघराच्या वाफेत टांगून ठेवा.

देवळात जाण्यासाठी वेगळे कपडे हवेत का?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढं पाळा. काही देवळांबाहेर तसे फलकही असतात. अर्ध्या चड्डीवर असाल तर मोठा पंचा किंवा उपरणं गुंडाळता येतं. गणपतीपुळ्याला डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात, ती जवळपास एक किलोमीटरची आहे. सकाळी घाला, दुपारी अनवाणी पायांना फरशी पोळते.

चपला कोणत्या?

माणशी दोनच: मागे पट्टा असलेले रबरी सँडल आणि संध्याकाळसाठी एक साधी चप्पल. उंच टाचा जांभ्याच्या पायऱ्यांवर अडकतात आणि वाळूत रुततात.

कोल्हापुरी फार शोभते, मलाही आवडते, पण ती वनस्पतींच्या रसात कमावलेल्या चामड्याची असते आणि पाण्याशी तिचं जमत नाही. हिवाळ्यात जरूर न्या, समुद्रावर नेऊ नका. चुकून भिजलीच तर आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात फिरवा. उन्हात ठेवली की चामडं तडकतं.

चपलांवरून आठवलं, आमच्या वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे देवाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावभर फिरतो, राखण करतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. माझी मुलं दरवेळी त्या चपलांशेजारी आपलं पाऊल ठेवून बघतात. देवळात जाताना केळ्यांचा घड न्यायला विसरू नका.

दागिने न्यावेत का?

थोडे. खाऱ्या हवेत खोटे दागिने काळे-हिरवे पडतात आणि मानेवर डाग उमटतो. चांदीही काळवंडते. काचेच्या बांगड्या, मोत्याचे कानातले, एखादी साधी सोन्याची साखळी एवढं पुरे. समुद्रात जाताना अंगठी काढून ठेवा, थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. माझ्या चुलत बहिणीची लग्नातली अंगठी सागरेश्वरच्या पाण्यात अशीच गेली.

रात्रीच्या गाडीने जाताना काय घालावं? उतरल्यावर अवतार होतो.

कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कुडाळ, सावंतवाडीला पोचवते. गाडीत सैल पायजमा आणि मऊ कुर्ता. उतरण्याआधी तासभर उठायचं, ओल्या पंचाने तोंड, मान, हात पुसायचे, केस विंचरून घट्ट अंबाडा किंवा वेणी घालायची आणि फक्त वरचा कुर्ता बदलायचा. तो कुर्ता एका कापडी पिशवीत गुंडाळून सगळ्यात वर ठेवलेला असावा. पाच मिनिटांचं काम आहे. कुडाळच्या फलाटावर मामा घ्यायला येतो तेव्हा मला पारोश्या कपड्यांत त्याच्या पाया पडायला आवडत नाही.

गाडीने घाटातून जाणार असाल तर मुलांना गळ्याशी घट्ट बसणारं काही घालू नका. हातात आलेपाक आणि एक जास्तीचा शर्ट ठेवा, त्याची गरज पडते.

पावसाळ्यात आणि गणपतीत काय वेगळं?

सगळंच. कपडे वाळत नाहीत हे गृहीत धरून एक जोड जास्त न्या. पांढरा रंग नको. खालचे कपडे गुडघ्याच्या जरा खाली संपणारे, म्हणजे चिखल काठाला लागत नाही. चामड्याच्या पट्ट्यांवर, पर्सवर चार दिवसांत बुरशी धरते, ते घरीच ठेवा. मळभात निळा-जांभळा बुडून जातो, पिवळा आणि केशरी उजळ दिसतात.

गणपतीला मात्र बायकांना साडी हवीच. आरतीला उभं राहायचं, नैवेद्याचं वाढायचं, रात्री फुगड्या घालायच्या. फुगडीसाठी काठपदराची पण हलकी साडी घ्या आणि पदर कमरेभोवती घट्ट खोचा. रेशमी साडी फक्त पहिल्या दिवशी, प्रतिष्ठापनेपुरती. स्वयंपाकघरात तळण आणि चूल असते, धुराचा वास रेशमातून महिनाभर जात नाही.

मेकअप?

काजळ आणि ओठांना थोडं काही. बाकी सगळं दहा मिनिटांत घामाबरोबर ओघळतं. सनस्क्रीन मात्र दर दोन-तीन तासांनी, पाण्यातून आल्यावर लगेच पुन्हा, आणि पुरुषांनीसुद्धा.

कोकम, काजूचं बोंड, फणस, लाल माती यांचे डाग कसे काढायचे?

हे माझ्या आजीकडून आणि आईकडून आलेलं आहे. थोडं मी स्वतः चुकून शिकले.

काजूच्या बोंडाचा रस अंगावर पडू देऊ नका. आमच्याकडे म्हणतात, "बोंडाचो डाग जावचो नाय," आणि ते खरं आहे. पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, धुतल्यावर तपकिरी होतो आणि कायमचा राहतो. लेक चार वर्षांची असताना मी तिला नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये परसात बोंडं खायला दिली. संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही. घरी येऊन धुतला तर छातीभर तपकिरी शिंतोडे. मार्च ते मे या दिवसांत मुलं परसात जाणार असतील तर त्यांना जुने कपडेच घाला.

कोकम सरबत किंवा सोलकढी सांडली तर आधी नुसतं थंड पाणी. थेट साबण लावलात तर लाल डाग निळसर-काळपट पडतो, कारण कोकमाचा रंग साबणाच्या खारात बदलतो. घाबरू नका, वर लिंबू पिळलं की तो पुन्हा लाल होतो, मग भरपूर पाण्यात खळखळून काढा आणि शेवटी साबण. हळदीचं उलटं: साबण लागला की ती लाल होते, पण धुऊन कडक उन्हात वाळत घातली की दोन-तीन दिवसांत पिवळेपणा उडून जातो.

फणसाच्या चिकाला पाणी लावू नये. आधी खोबरेल तेल चोळायचं, चीक सुटतो, मग साबणाने तेल काढायचं. हाताला लागला तरी हेच. गरे काढायला बसताना हात आणि सुरी दोन्हींना आधीच तेल लावतात ते याचसाठी.

लाल माती ओली असताना चोळली की धाग्यात शिरते. ती पूर्ण वाळू द्यायची, झटकायची, ब्रशने झाडायची, मग थंड पाणी आणि साबण. तरी पिवळट झाक राहिली तर पांढऱ्या सुती कपड्याला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा. ब्लीच कधीच नको, लोहाचा डाग त्याने आणखी पक्का बसतो. हे मला फार महागात पडून कळलं. एका लॉजवर मी माझा चिकनकारीचा पांढरा कुर्ता धुवायला दिला, त्यांनी त्यावर ब्लीच ओतलं, आणि काठाची माती गंजासारखी नारिंगी होऊन कायमची राहिली. तेव्हापासून आमचे कपडे मी संध्याकाळी स्वतः विहिरीवर धुते, आणि लेक दांडीवर वाळत घालते.

खाऱ्या पाण्यातले कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा. मीठ राहिलं की कपडा कडक होतो आणि हवेतला ओलावा ओढून पुन्हा दमट होतो.

तिथून अंगावर घालण्यासारखं काय आणता येईल?

बाजारात मिळणाऱ्या टोप्या आणि शंखांच्या माळा बहुतेक बाहेरून आलेल्या असतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी, फळं, रंगीत पाट मिळतात, ते घरासाठी उत्तम. अंगावर घालायचं तर गावातल्या शिंप्याकडे जा. ठाण्याहून मलमल नेते मी दोन मीटर, वेंगुर्ल्याचे आमचे ओळखीचे शिंपी दोन दिवसांत सैल कुर्ता शिवून देतात, खिशासकट. माझ्या सगळ्यात जास्त वापरातले कुर्ते तेच आहेत.

केसात काय माळावं? आणि ते फूल पुण्या-मुंबईत का मिळत नाही?

सुरंगी विचारताय तुम्ही, फोटोत माझ्या अंबाड्यावर असते ती.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत वेंगुर्ला, आरवली, शिरोडा या पट्ट्यात गेलात तर वास आधी येतो, झाड मागून दिसतं. फुलं फांद्यांना आणि खोडाला चिकटून येतात, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ. कळ्या भल्या पहाटे काढाव्या लागतात, एकदा ऊन चढलं की झाडाभोवती मधमाश्या घोंघावतात. मग घराघरांत बायका त्यांचे वळेसर गुंफतात. शहरातला गजरा वेगळा आणि हा वळेसर वेगळा: दाट, जाडसर, पिवळसर, हातात घेतला की जड लागतो. सकाळी बाजारात टोपलीत केळीच्या पानावर ठेवलेले असतात. हंगाम छोटा, फूल नाजूक, तोडणी कष्टाची, म्हणून लांबच्या बाजारात ती क्वचितच पोचते.

माळायची पद्धत अशी. केस ओले नकोत, तेल लावून घट्ट अंबाडा घालायचा आणि वळेसर त्याच्याभोवती एकच वेढा देऊन दोन आकड्यांनी अडकवायचा. वर दुसरं काही नको, कानातले छोटे. कुर्ता अगदी साधा असला तरी चालतो, त्या दिवशी तुमच्याकडे दुसरं काही बघायची कोणाला गरजच पडत नाही. माझ्या सासूबाई देशावरच्या, पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना सुरंगी माहीत नव्हती. आता मार्च लागला की त्याच विचारतात, "गावाला कधी निघायचं गं?"

इतर महिन्यांत अबोली मिळते. तिला वास नाही, पण केशरी रंग दिवसभर टिकतो आणि पांढऱ्या साडीवर तिच्यासारखं दुसरं काही शोभत नाही. पावसाळ्यानंतर बकुळीचे सर मिळतात, आमच्याकडे तिला ओवळं म्हणतात. देवळाबाहेर एखादी म्हातारी आजी चार-पाच सर घेऊन बसलेली असते. भाव करू नका, असतील ते सगळे घ्या आणि घरातल्या प्रत्येकीला एकेक द्या.

वळेसर संध्याकाळी उतरवला की फेकू नका. सावलीत सुकवा. सुरंगी आणि बकुळ दोन्ही वाळल्यावरही वास धरून असतात. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून मी तो साड्यांच्या कपाटात ठेवते. मागच्या मार्चमधला अजून तिथे आहे.